चार टक्के कशाचे?

दरवर्षी ३ डिसेंबरचा दिवस उजाडला की मंत्री, जिल्हाधिकारी आणि उद्योगपती विकलांगांच्या मेळाव्यांना हजेरी लावतात. तीनचाकी सायकली वाटल्या जातात, श्रवणयंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळपर्यंत मांडव उतरतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली हा दिवस जाहीर केला, तेव्हापासून हा परिपाठ चालू आहे. या मेळाव्यांत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेला विकलांग विद्यार्थी निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जातो? शाळेत त्याला जावयाचे नसते आणि कारखान्यात त्याला कोणी बोलावलेले नसते. त्या सकाळीविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे, आणि ते कोलकात्याच्या खिदिरपूर भागाकडे पाहून लिहावयाचे आहे.

मुंबईच्या गोदी कामगाराला खिदिरपूर हे नाव परके नाही. हुगळीच्या काठी १८९२ साली खिदिरपूरची गोदी खुली झाली. १९२९ मध्ये तिच्या शेजारी किंग जॉर्ज गोदी आली. १९७३ पासून तिला नेताजी सुभाष गोदी म्हणतात. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि खुद्द बंगालच्या खेड्यांतून आलेल्या कष्टकऱ्यांनी या गोद्यांत पिढ्यान् पिढ्या घाम गाळला. नदीच्या कडेने थोडे पुढे गेले की गार्डन रीचचा जहाजबांधणी कारखाना लागतो. केंद्र सरकारने तो १९६० साली ताब्यात घेतला, आणि त्याच वर्षी आपला माझगाव डॉकही सरकारी मालकीचा झाला. त्यापलीकडे मटियाबुर्ज. अवधचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये येथे येऊन राहिला; आज तयार कपड्यांचा धंदा करणारी हजारो शिवणयंत्रे येथील गल्ल्यांत दिवसरात्र फिरत असतात.

याच खिदिरपूरहून डायमंड हार्बर रस्ता दक्षिणेकडे निघतो. माजेरहाटचा पूल ओलांडला की तारातला येते आणि त्यापुढे बेहाला. तारातला रस्त्यावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी ही संस्था आहे. मेंदूच्या पक्षाघाताने ज्यांचे स्नायू आज्ञा मानीत नाहीत अशा मुलांच्या शिक्षणाचे काम १९७४ साली सुरू झाले, त्यातून ती उभी राहिली. बेहाल्यात कलकत्ता ब्लाइंड स्कूल आहे. लालबिहारी शाह यांनी १८९७ मध्ये ही शाळा काढली. म्हणजे देशातील एक जुने बंदर, एक मोठा सरकारी जहाज कारखाना, शिवणकामाची अफाट पेठ आणि विकलांग मुलांना शिकविणाऱ्या दोन नामवंत संस्था, हे सारे पाच-सात किलोमीटरच्या पट्ट्यात मांडलेले आहे. श्रम एका टोकाला आहे, शिक्षण दुसऱ्या टोकाला आहे आणि दोघांना जोडणारा रस्ताही आहे.

या रस्त्यावरचा माजेरहाटचा पूल ४ सप्टेंबर २०१८ रोजी कोसळला. नवा पूल सव्वादोन वर्षांत बांधून झाला आणि ३ डिसेंबर २०२० रोजी, योगायोगाने नेमक्या विकलांग दिनी, तो वाहतुकीस खुला झाला. मालमोटारी अडल्या की सरकारला घाई होते. शाळा आणि कारखाना यांच्यामध्ये जो पूल कधी बांधलाच गेला नाही, त्यासाठी अशी घाई कोणत्याही सरकारला झालेली दिसत नाही.

असा पूल नाही हे आम्ही वक्तृत्वासाठी म्हणत नाही. कायद्याची कलमे वाचली तर ते उघड दिसते. विकलांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला, तो निःसंशय पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यापेक्षा पुढचा आहे. त्याने विकलांगतेचे प्रकार २१ पर्यंत वाढविले, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या. त्याचे सोळावे कलम सांगते की प्रत्येक विकलांग विद्यार्थ्याची शाळेतील हजेरी, प्रगती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर शिक्षणसंस्थांनी लक्ष ठेवावे. पूर्तता झाली की लक्ष ठेवण्याचे काम संपले! पुढे एकोणिसावे कलम येते. तेथे सरकार व्यवसाय-प्रशिक्षणाच्या, स्वयंरोजगाराच्या आणि सवलतीच्या कर्जाच्या योजना आखील, असे म्हटले आहे. सोळावे कलम विद्यार्थ्याला शाळेच्या दारापर्यंत आणून सोडते आणि एकोणिसावे कर्जाच्या खिडकीपाशी त्याची वाट पाहत उभे राहते. मधले अंतर त्याने एकट्याने कापावयाचे. अमेरिकेसारख्या भांडवली देशातही, विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शाळेनंतरच्या शिक्षणाचा व रोजगाराचा लेखी आराखडा करणे शाळेवर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. त्याबरोबर काही योजना हाती द्यावी अशी सक्ती कोणावर नाही.

राज्यकर्ते या मुलाची किंमत किती धरतात, हेही हिशेबाने पाहू. समग्र शिक्षा योजनेत विकलांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. तो मोठा झाला, दारिद्र्यरेषेखाली राहिला आणि त्याची विकलांगता ऐंशी टक्के वा अधिक ठरली, तर केंद्राच्या इंदिरा गांधी विकलांग निवृत्तिवेतन योजनेतून त्याला महिन्याला ३०० रुपये मिळतात. म्हणजे वर्षाला ३,६००. शिकत असताना साडेतीन हजार आणि बेकार बसल्यावर तीन हजार सहाशे! शिक्षणाने त्याच्या जीवनात शंभर रुपयांचा फरक पाडला, असे हे गणित सांगते. पश्चिम बंगाल सरकारने २०१८ पासून ‘मानविक’ योजनेखाली महिना हजार रुपये देण्यास सुरुवात केली. ते पैसे आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ज्या घरात मिळकतच नाही तेथे हजार रुपयांचे मोल असते. परंतु निवृत्तिवेतन म्हणजे कामातून निवृत्त झालेल्याचे वेतन. अठरा वर्षांच्या मुलाला, जो अजून कामाला लागलाच नाही, निवृत्त म्हणून नोंदवून घेण्यात जी क्रूर विसंगती आहे ती कोणाच्याच ध्यानात येत नाही.

२०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख विकलांग व्यक्ती मोजल्या. महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक, पश्चिम बंगालमध्ये २० लाखांहून अधिक. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरील विकलांगांपैकी अवघे १९.३ टक्के लोक माध्यमिक वा त्यापुढील शिक्षण घेतलेले आढळले. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्तीत मोजले गेलेले होते २३.८ टक्के. त्याच पाहणीत विकलांगांमधील बेकारीचे प्रमाण मात्र ४.२ टक्के नोंदले आहे. एखादा सरकारी प्रवक्ता हा शेवटचा आकडा उचलून बेकारी आटोक्यात असल्याचे सांगू शकेल. वस्तुस्थिती अशी की बेकार म्हणून मोजले जाण्यासाठी आधी काम शोधावे लागते, आणि शंभरांतील शहात्तर जण त्या शोधाबाहेरच राहिले आहेत. दहा दारांवरून परत पाठविलेला माणूस अकराव्या दाराशी गेला नाही, तर सांख्यिकीच्या दृष्टीने तो बेकार उरत नाही.

आता प्रशिक्षणाकडे वळू. अंधांच्या शाळांतून दीर्घकाळ वेताच्या खुर्च्या विणणे, मेणबत्त्या करणे, खडू पाडणे हे धंदे शिकविले गेले. त्या काळी कचेऱ्या वेताच्या खुर्च्यांनी भरलेल्या होत्या, रेल्वेला आणि न्यायालयांना त्यांची गरज होती. म्हणून त्या शिक्षणाला अर्थ होता. पुढे प्लास्टिकची खुर्ची आली आणि त्या विद्येची बाजारपेठ उठली. नंतर दूरध्वनीच्या बूथांचा जमाना आला. सरकारने विकलांगांना प्राधान्याने बूथ दिले, हजारो कुटुंबे त्यावर जगली, आणि खिशातल्या भ्रमणध्वनीने दहा-पंधरा वर्षांत तो जमानाही संपविला. दोष त्या शाळांना आम्ही देत नाही. मुद्दा असा की विकलांगासाठी नेहमी अर्थव्यवस्थेच्या कडेचा, केव्हाही गळून पडणारा धंदा निवडला जातो. मोठ्या यंत्रोद्योगाच्या मध्यवर्ती कामात त्याला शिरकाव द्यावा असे कोणाला वाटत नाही. ब्रिटनने १९४४ साली वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर तीन टक्के विकलांग घेण्याची सक्ती केली, त्याच कायद्याखाली उद्वाहन चालविणारा आणि मोटारतळाचा राखणदार ही दोन कामे विकलांगांसाठी खास राखून ठेवली. वर-खाली जाण्याचे आणि दाराशी उभे राहण्याचे, एवढेच! मालकवर्गाच्या कल्पनाशक्तीची झेप देशोदेशी सारखीच आखूड.

आणि तरीही कामगार विकलांग झाला की भांडवलशाहीला त्याच्या शरीराचे मोजमाप अगदी अचूक करता येते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जे परिशिष्ट होते, त्यात अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्क्यांनी घटली, एका हाताची चार बोटे गेली तर पन्नास टक्क्यांनी, असा बोटाबोटाचा दर ठरलेला होता. खिदिरपूर काय किंवा मुंबईची इंदिरा गोदी काय, लोखंडी साखळ्या, ओझी आणि याऱ्या यांच्यात आयुष्य काढलेल्या गोदी कामगारांच्या वस्तीत हे परिशिष्ट पुस्तक न उघडताही माहीत असते. विकलांगांचा प्रश्न हा कामगारांच्या प्रश्नाबाहेरचा, दयाळू लोकांच्या सवडीचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या वस्तीत जाऊन पाहावे. ज्याचे चार बोटांनंतरही पन्नास टक्के श्रमसामर्थ्य शिल्लक आहे असे कायदा मानतो, त्याच्याच जन्मतः विकलांग असलेल्या मुलाचे सामर्थ्य फाटकावरचा अधिकारी एका नजरेत शून्य ठरवितो.

या शून्याविरुद्ध आरक्षणाची ढाल मिळाली, ती विकलांगांच्या चळवळीने लढून मिळविली. केंद्राने १९७७ मध्ये क आणि ड वर्गांच्या नोकऱ्यांत तीन टक्के जागा ठेवल्या, १९९५ च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार दिला, २०१६ च्या कायद्याने तीनाचे चार टक्के केले. ही टक्केवारी कशावर मोजावयाची यावरूनही सरकारने वर्षानुवर्षे वाद घातला. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंधांच्या राष्ट्रीय महासंघाच्या दाव्यात सांगितले की संवर्गातील एकूण रिक्त जागांवर ती मोजली पाहिजे, विकलांगांसाठी ‘योग्य’ म्हणून निवडलेल्या मूठभर पदांवर नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने ३,५६६ प्रकारची पदे विकलांगांस योग्य म्हणून जाहीर केली. बिंदुनामावलीची रीतही ठरली : शंभर बिंदू, पंचवीस-पंचवीसचे चार गट, प्रत्येक गटात एक जागा विकलांगाची.

येथेच आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. चार टक्के कशाचे? बिंदुनामावली चालते ती नियमित भरतीवर. पंचवीस कायम जागा भरल्या तर एक विकलांग आत येईल. गेल्या तीन-साडेतीन दशकांत बंदरांतून, रेल्वेतून, सरकारी कारखान्यांतून कायम जागा भरण्याचे धोरणच गुंडाळून ठेवले गेले आहे. मालाची चढउतार पेट्यांतून आणि यंत्रांनी होऊ लागली, धक्के खासगी चालकांकडे गेले, साफसफाई, राखण, देखभाल, कारकुनीसुद्धा कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकात बिंदू नसतात. तो मुकादमाला सांगतो, धट्टीकट्टी माणसे आण. आणि मुकादम आणतो. २०१६ च्या कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे सरकारी आस्थापनेतील कर्मचारी नोकरीत असताना विकलांग झाला तर त्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही उतरविता येत नाही. त्याच धक्क्यावर त्याच्या शेजारी राबणारा कंत्राटी कामगार पाय गमावतो तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. आरक्षणाची टक्केवारी वाढवावयाची आणि ज्या नोकऱ्यांवर ती लागू होते त्या नोकऱ्याच आटवावयाच्या, ही नवउदारवादी राज्यकर्त्यांची हातचलाखी आहे.

खासगी क्षेत्राचे काय? कायद्याचे पस्तिसावे कलम म्हणते की सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत खासगी मालकांना प्रोत्साहने द्यावीत, म्हणजे त्यांच्याकडील मनुष्यबळात किमान पाच टक्के विकलांग असतील. प्रोत्साहन! सक्ती नाही, दंड नाही. २००८ सालापासून विकलांग कर्मचाऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा व राज्य विमा योजनेचा मालकाचा हिस्सा सरकारने भरण्याची योजना आहे. मालकांच्या दाराशी त्यामुळे रांगा लागल्याचे कोणी पाहिलेले नाही. जर्मनीत वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला पाच टक्के जागा तीव्र विकलांगांना द्याव्या लागतात, न दिल्यास दर रिकाम्या जागेमागे भरपाई मोजावी लागते. जपानने हे प्रमाण एप्रिल २०२४ मध्ये अडीच टक्के केले. शंभरांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीत ते भरले नाही तर माणशी दरमहा ५०,००० येन भरावे लागतात. हे काही समाजवादी देश नव्हेत. तेथील भांडवलदाराकडून जे वसूल होऊ शकते ते आपल्या भांडवलदाराकडे मागण्याची आपल्या सरकारची छाती नाही, इतकेच.

समाजवादी देशांचा अनुभव वेगळा होता, आणि तोही डोळसपणे पाहावा. सोव्हिएत संघात अंधांची संघटना १९२५ मध्ये आणि बधिरांची १९२६ मध्ये स्थापन झाली. या संघटनांनी स्वतःचे कारखाने चालविले. हे कारखाने इतरांपासून वेगळे होते, आणि वेगळेपणाची टीका त्यांच्यावर आज न्याय्यपणे केली जाते. पण शाळा संपल्यावर यंत्रापाशी जागा मिळेल ही खात्री तेथील मुलाला होती. १९९१ नंतर त्या कारखान्यांच्या डोक्यावरचे सरकारी मागणीचे छत्र गेले आणि खात्रीही गेली.

खिदिरपूर-मटियाबुर्जच्या मुलामुलींपुढे मग उरते काय? तुकड्यावरचे काम. घराच्या खोलीत बसून काजे करणे, बटणे लावणे, दोरे कापणे. ज्याला ऐकू येत नाही तो शिवणयंत्रावर उत्तम काम करू शकतो, यात शंका नाही. शंका आहे ती त्याला दर कोण ठरवून देतो याविषयी. ज्याला घासाघीस करता येत नाही, ज्याच्या खुणांची भाषा उस्तागराला समजत नाही आणि ज्याला दुसरे दार उघडे नाही, त्याचा दर नेहमी सर्वांत खाली राहणार. मुलीची अवस्था याहून बिकट. तिचे हे काम कामात धरलेच जात नाही, ती ‘घरीच असते’. आणि तारातल्याच्या जुन्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी शोधावी तर तेथील ब्रिटानियाच्या बिस्किट कारखान्याचे उत्पादन जून २०२४ मध्ये बंद पडले. विकलांग तरुणाचे ज्या फाटकाकडे डोळे लागावेत, ती फाटकेच एकेक करून बंद होत आहेत.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचविले आणि पाठोपाठ पाट्या बदलल्या. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये या नावाचे स्वतंत्र खातेच काढले. विकलांगांच्या अनेक संघटनांनी या शब्दाला तेव्हाच विरोध केला, आणि आमच्या मते तो रास्त होता. ज्याच्या अंगात दैवी शक्ती आहे त्याला उतरता कठडा कशाला, ब्रेलमधील प्रश्नपत्रिका कशाला, खुणांची भाषा जाणणारा पर्यवेक्षक कशाला? देवत्व बहाल केले की हक्काची भाषा बोलावी लागत नाही.

न्यायालयांतून अधूनमधून दिलासा मिळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विकलांगतेची टक्केवारी एवढ्याच कारणाने वैद्यकीय शिक्षणाचा प्रवेश नाकारता येणार नाही. विद्यार्थी प्रत्यक्ष काय करू शकतो हे पाहिले पाहिजे. हेच तत्त्व कारखान्याच्या फाटकावर लागू व्हावयास हवे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने पात्रतेत शिक्षणाबरोबर शारीरिक क्षमतेचा निकषही घातला. त्या निकषाआड किती विकलांग मुले अडली याची नोंद कोणी ठेवलेली नाही. व्हीलचेअरवरील मुलगा जहाजाच्या तळाशी उतरून सांधकाम करू शकणार नाही हे कोणीही मान्य करील. पण जहाज कारखान्यात आराखडे काढणे आहे, साठ्याची नोंद आहे, विद्युत जोडण्यांची चाचणी आहे, संगणकावरील शेकडो कामे आहेत. काम माणसाच्या मापाने बेतावयाचे की माणूस कामाच्या मापाने कापावयाचा, हा प्रश्न इंजिनियरचा नाही. तो कामगार संघटनेने व्यवस्थापनापुढे ठेवावयाचा प्रश्न आहे.

कामगार संघटनांना म्हणूनच आमचे काही सांगणे आहे. डाव्या चळवळीशी नाते सांगणारे विकलांगांच्या हक्कांचे राष्ट्रीय व्यासपीठ २०१० पासून काम करीत आहे, मोर्चे काढीत आहे, निवेदने देत आहे. पण विकलांगांचे मोर्चे एका रस्त्याने आणि कामगारांचे दुसऱ्या रस्त्याने जातात. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. गार्डन रीचमध्ये आणि माझगाव डॉकमध्ये ते दरवर्षी घेतले जातात. त्यांत विकलांग किती, हा प्रश्न युनियनने लेखी विचारावा आणि उत्तर फलकावर लावावे. कंत्राटाच्या निविदेत चार टक्क्यांची अट घालावी, कामावर विकलांग झालेल्या कंत्राटी कामगाराला विसाव्या कलमाचे संरक्षण मिळावे, आणि खासगी मालकांवर प्रोत्साहनाऐवजी सक्ती व भरपाई यावी, या मागण्या वेतनवाढीच्या मागणीबरोबर एकाच मागणीपत्रकात आल्या पाहिजेत, परिशिष्टात नव्हेत. अनुशेषाच्या जागांचा हिशेब जोवर दिला जात नाही तोवर त्या संवर्गातील कामे कंत्राटावर जाऊ न देणे, हेही संघटनेच्या हातचे आहे.

मुंबईत तर यासाठी फार लांब जावे लागत नाही. देशातील सर्वांत जुन्या बधिर शाळांपैकी एक, १८८५ च्या सुमारास निघालेली, माझगावातच आहे. जहाजे बांधणारा कारखानाही त्याच माझगावात आहे. तेथे काय, किंवा खिदिरपूरच्या गोदीपासून बेहाल्याच्या शाळेपर्यंत काय, युनियनच्या प्रतिनिधींनी येत्या परीक्षांचे निकाल लागण्यापूर्वी एकदा जावे, शेवटच्या वर्गातील मुलांची नावे आणि त्यांना येणारी कामे लिहून घ्यावीत, आणि ती यादी घेऊन व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीस बसावे.